सूचक, अनुमोदक आणि अथांग

परळच्या त्या चाळीत तळमजल्याला मंडळाची एक खोली आहे. पूर्वी तिथे कॅरम चालायचा, आता अभ्यासिका चालते. म्हणजे चालावी अशी इच्छा आहे. शिवाजी पार्कातल्या एका संस्थेने बारा जुने कॉम्प्युटर दिले आणि अट घातली: रविवारी बघायला येऊ, बाराच्या बारा एकदम चालले तर तुमचे, नाहीतर परत नेऊ. परत नेले तर खोली पुन्हा कॅरमवाल्यांची, हे मंडळात ठरून गेलेलं.

यात खरी अडकली होती माया. तिची राज्यसेवेची परीक्षा तोंडावर. घर म्हणजे एक खोली, त्यात आईवडील, भाऊ-वहिनी आणि त्यांचं तान्हं बाळ. मायाने संविधानाचा चॅप्टर उघडला की बाळाला रडू फुटायचं, बाकी दिवसभर ते हसायचं. अभ्यासिकेतलं खिडकीजवळचं मशीन गेलं तर तिला जिन्यात बसून अभ्यास करावा लागणार होता, आणि जिन्यात चपला असतात.

कॉम्प्युटरचं सगळं प्रफुल्लकडे. प्रफुल्ल लोअर परळला कामाला. जिथे त्याचे आजोबा गिरणीत साच्यावर उभे राहायचे, त्याच आवारात आता काचेची बिल्डिंग आहे, तिथे हा खुर्चीवर गोल फिरतो. बाजारात काही नवीन आलं की याला पहिला ताप येतो. सध्याचा ताप अथांग ओएसचा; बाराही कॉम्प्युटरवर त्याने तीच सिस्टीम टाकली होती.

"घड्याळापासून गोदामापर्यंत एकच सिस्टीम," तो धम्मपालला सांगत होता. "एक मशीन लाव, बारा लाव, बारा हजार लाव. स्केल होते रे ती."

"हे तुझं वाक्य की जाहिरातीतलं?" धम्मपाल म्हणाला. धम्मपाल त्याचा बालवाडीपासूनचा दोस्त. एका हॉस्पिटलात कॉम्प्युटर दुरुस्त करतो, त्यामुळे त्याचा कशावरच विश्वास उरलेला नाही.

"स्केल म्हणजे काय कळतं का तुला? आपलंच घर घे. रोज पाच माणसं. सहा डिसेंबरला गावची मंडळी आली की पंचवीस. एक तरी बाहेर झोपतो का? सगळे मावतात. याला म्हणतात स्केल."

"मावतात. आणि सकाळी संडासाला?"

प्रफुल्लने मोबाइलवरची जाहिरात पुन्हा उघडली.

"खोली स्केल होते, भावा. संडास मजल्याला तेवढेच. तुझ्या अथांगमधला संडास कुठला ते दाखव, मग बोल."

तो संडास जगदीशकाकांनी बांधला.

जगदीशकाका मंडळाचे कार्याध्यक्ष. त्यांच्या मंडळात पंखा लावायचा तरी ठराव मांडतात, आणि ठरावाला सूचक आणि अनुमोदक लागतात. मंडळाच्या कपाटाला कायम दोन कुलपं. एक चावी कार्याध्यक्षांकडे, दुसरी खजिनदार कमळाबाईंकडे. एकट्याने उघडायचं नाही, ही जुनी शिस्त. अथांग प्रत्येक गोष्टीला विचारते, 'परवानगी द्यायची का?', आणि पासवर्ड मागते, हे कळल्यावर काका म्हणाले, "मग त्याचेपण दोन तुकडे करा."

"काका, पासवर्डचे तुकडे नाही करत," प्रफुल्ल म्हणाला.

"का? कपाटाचे केले."

अर्धा काकांनी ठेवला, अर्धा कमळाबाईंनी. काका टाइप करताना एकेक अक्षर मोठ्याने म्हणायचे, त्यामुळे त्यांचा अर्धा आठवड्याभरात दुसऱ्या मजल्यापर्यंत पाठ झाला. कमळाबाई मात्र कीबोर्डवर पदर धरून आत हात घालायच्या. तो अर्धा त्यांच्या नवऱ्यालाही माहीत नव्हता.

रविवारी संस्थेच्या सुचित्रा मॅडम आल्या. दारात हितेंद्र आणि त्याची कॅरमची गँग उभी. हितेंद्रच्या खांद्यावर बोर्ड, हातात पावडरचा डबा.

"आम्ही फक्त बघायला आलोय," हितेंद्र म्हणाला.

"बोर्ड घेऊन?" मायाने विचारलं.

"एकटाच होता बिचारा घरी."

प्रफुल्लने बाराही मशीन चालू केली. छान उजळली. मॅडमनी मान हलवली. मग बारा पडद्यांवर एकदम पाटी आली: 'अथांगला सुरू होण्यासाठी तुमची परवानगी हवी आहे.' खाली आकडे उलटे पळत होते, वेळेत उत्तर नाही दिलं तर नकार धरणार म्हणून.

"सूचक कोण?" काकांनी विचारलं.

"काका, आता नको हो."

"पाहुण्यांसमोर शिस्त सोडायची?"

"मी सूचक," प्रफुल्ल दात आवळून म्हणाला. "हा अनुमोदक."

"मला विचारलंस का?" धम्मपाल म्हणाला. मायाने त्याच्या पाठीत बोट खुपसल्यावर त्याने अनुमोदन दिलं.

मग काका पहिल्या मशीनवर आपला अर्धा बोलत बोलत टाइप करणार, मागून कमळाबाई पदर धरून आपला घालणार, तोवर काका दुसऱ्यावर. पाचव्यापर्यंत पोचले तेव्हा पहिल्यावर नवी पाटी: 'घड्याळाची वेळ बदलू का?' तिसऱ्यावर: 'आवाज वाढवू का?' सातव्यावरची वेळ संपून नकार झाला आणि ते बिचारं बंद पडलं. साठी उलटलेली दोन माणसं खोलीभर गोल गोल फिरत होती. काका वाटेत प्रत्येक पाटी पहिल्या शब्दापासून वाचत होते, शेवटच्या ओळीतल्या 'सर्व हक्क राखीव'सकट.

"सापडला संडास," धम्मपाल हळूच म्हणाला. "आणि रांग बघ."

"गप रे."

दारात हितेंद्रने स्ट्रायकर खिशातून काढून पुसला.

कशीबशी बाराही एकदम लागली. मायाने श्वास सोडला. मॅडम म्हणाल्या, "आता आमच्या संस्थेची फिल्म सगळ्यांवर एकदम लावू या," आणि पर्समधून पेन ड्राइव्ह काढून पहिल्या मशीनला लावला. मशीनं एकमेकांना जोडलेली, त्यामुळे बाराही पडद्यांवर लाल पाटी आली. काकांनी चष्मा पुसून वाचली: "'फिल्म' नावाचा अनोळखी प्रोग्रॅम सर्व यंत्रांमध्ये बदल करू इच्छितो. परवानगी द्यायची का?"

"द्या द्या," मॅडम म्हणाल्या. "ते नेहमीच विचारतं."

"सूचक कोण?"

"मी."

"तुम्ही सभासद नाही, मॅडम."

"मी सूचक, मी अनुमोदक, मीच मंडळ," प्रफुल्ल म्हणाला. "काका, टाका तुमचा अर्धा."

काकांनी अक्षर न् अक्षर उच्चारत टाकला. सगळ्यांनी कमळाबाईंकडे बघितलं. कमळाबाई खुर्चीत बसल्या होत्या आणि गुडघा चोळत होत्या.

"कमळाबाई, चला."

"चहा आला का?"

"चहा नंतर."

"मग परवानगीपण नंतर. मघापासून घाण्याला जुंपल्यासारखी फिरतेय. या जगदीशला एकदा तरी वाटलं का, बाईला घोटभर चहा विचारावा?"

"मावशी, वेळ पळतोय," माया काकुळतीला आली. "नकार धरेल ते."

"धरू दे. मीपण धरलाय."

आकडे संपले. बाराही पडद्यांवर एकदम आलं: 'नकार नोंदवला.' मायाचा चेहरा पांढरा पडला. हितेंद्रने बोर्ड खांद्यावरून उतरवला आणि पावडरच्या डब्याचं झाकण फिरवलं.

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. नीट ऐकू येत नव्हतं म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"मॅडम, निलेश बोलतोय ऑफिसातून. तो फिल्मवाला पेन ड्राइव्ह कुठे लावू नका. काल लावल्यापासून आपली सगळी मशीनं गेलीत. पडद्यावर नुसत्या स्लीपरच्या जाहिराती येतायत, त्यापण कुठल्यातरी परदेशी भाषेत."

"पण मी तर काहीच केलं नाही," मॅडम म्हणाल्या.

"त्याने विचारलं होतं ना, तुम्ही 'हो' दाबलं."

"ते दिवसातून पन्नास वेळा विचारतं रे. कोण वाचतं?"

मॅडमनी पेन ड्राइव्ह असा उपसला जणू तो चावतो. मग त्या कमळाबाईंसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्हाला कसा संशय आला?"

"संशय नाही. चहा हवा होता."

पण हे कुणाला ऐकायचंच नव्हतं. "दोन व्यक्तींची अंतर्गत तपासणी," प्रफुल्ल म्हणाला. त्याला नवा ताप चढत होता. "मॅडम, याला आम्ही मानवी सुरक्षा कवच म्हणतो."

"कधीपासून?" धम्मपालने विचारलं.

"आत्तापासून."

काकांनी छाती पुढे काढून मंडळाच्या शिस्तीवर दोन शब्द बोलायला सुरुवात केली. मॅडमनी त्यांना मध्येच थांबवलं. कॉम्प्युटर इथेच राहतील, त्या म्हणाल्या, पण ही पद्धत बदलायची नाही. "आमच्या बाकीच्या चाळीस अभ्यासिकांमध्येपण हेच हवं. हे स्केल होईल ना?"

प्रफुल्ल 'हो' म्हणायला तोंड उघडत होता.

"मॅडम," धम्मपाल म्हणाला, "मावशी एकच आहेत. आणि गुडघे दोन, त्यातला एक गेलाय."

"चाळीस ठिकाणी चहा मिळणार असेल तर बघू," कमळाबाई म्हणाल्या.

हितेंद्रने बोर्ड पुन्हा खांद्यावर टाकला. "एवढ्या भानगडीपेक्षा कॅरम बरा," असं म्हणत गँगला घेऊन तो जिन्याकडे वळला, तिथल्या चपला बाजूला करायला.

संध्याकाळी खोली रिकामी झाल्यावर माया खिडकीजवळच्या मशीनवर बसली. सराव परीक्षा उघडली. पाटी आली: 'परवानगी द्यायची का?' काकांचा अर्धा तिला पाठ होता, तो तिने टाकला. मग उठली, घरी जाऊन गॅस पेटवला, आलं किसलं, आणि बाळाला कडेवर घेऊन गॅलरीतून विचारलं, "मावशी, साखर किती टाकू?"