नागेशच्या दोन बायका

नागेशने फलकावर बोट आपटलं, इतक्या जोरात की फलक स्टँडसकट मागे सरकला.

“हे काय आहे? मला दोन बायका?”

सभागृहातली माणसं केकच्या बश्या हातात धरून वळून बघू लागली. ब्राउनश्वाइगपासून तासाभरावरचं हे छोटं गाव एके काळी दोन जर्मनींच्या सीमेवर होतं. गावच्या इतिहास मंडळाने घराघराचे वंशवृक्ष मांडून प्रदर्शन भरवलं होतं, पुढे त्याचं पुस्तक निघणार होतं. नागेश आणि वसुधाने इथे घर घेतलेलं, म्हणून त्यांचाही फलक. वसुधानेच हौसेने कागदपत्रं नेऊन दिली होती. आणि आता नागेशच्या चौकटीखाली दोन फांद्या फुटल्या होत्या. पहिली पत्नी सरिता, बेपत्ता. दुसरी पत्नी वसुधा.

मंडळाच्या फ्राऊ ल्युडेके, निवृत्त शिक्षिका, गोंधळून गेल्या.

“लग्नाच्या दाखल्यावर सरिता आहे. पासपोर्टवर वसुधा. घटस्फोट नाही, मृत्यू नाही. मग आम्ही बेपत्ता लिहितो.”

बाईंचं काही चुकलं नव्हतं, हाच तर खरा वैताग होता.

“आल्झो, म्हणजे, एकच बाई आहे ती!” नागेश म्हणाला. “आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात.”

“आडनाव?”

“दोन्ही.”

“का?”

नागेशला कुणी का म्हणून विचारेल, असं कधी वाटलंच नव्हतं.

वसुधाला उत्तर माहीत होतं. थोरल्या जावेचं नाव सरिता, घरात दोन सरिता नकोत, एवढंच कारण. तिला कुणी विचारलं नव्हतं. ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं नवं नाव तिने पाहुण्यांबरोबरच वाचलं. पेढे वाटले गेले, आणि जन्मापासूनचं नाव गेलं ते गेलंच. तेव्हा ती सगळ्यांसारखी हसली होती. आज ‘बेपत्ता’ वाचून तिची कानशिलं तापली. नवऱ्याचा राग येत होता, सासरच्यांचा येत होता, आणि सगळ्यात जास्त त्या हसण्याचा.

“ती सरिता खोडून टाका,” नागेश म्हणाला. “ऑफिसचे लोक बघायला येतील. उगाच शोभा व्हायची.”

“तसं नाही करता येत.” फ्राऊ ल्युडेके आता ठाम होत्या. “सीमा होती तेव्हा इथल्या कितीतरी माणसांची नावं दुसऱ्यांच्या सांगण्यावरून खोडली गेली. म्हणून आमचा नियम आहे. बेपत्ता माणसाने स्वतः येऊन नावापुढे सही करायची. तुमच्या बाबतीत दोन्ही नावांपुढे सही हवी. मग मी दोघींची एक चौकट करते.”

“गेनाऊ, अगदी बरोबर! सोपं आहे.” नागेशने खिशातलं पेन वसुधापुढे धरलं. “कर पटकन दोन सह्या. घरी जाऊ.”

वसुधाने पेन घेतलं. वाकून सरितापुढे देवनागरीत सही केली, माहेरच्या आडनावासकट, खाली जोरात रेघ ओढून. इतक्या वर्षांत न केलेली ती सही हाताला कुठेही अडली नाही. मग तिने टोपण लावलं आणि पेन नागेशच्या हातात दिलं.

“अगं, वसुधाची राहिली.”

“तिची तू कर,” ती म्हणाली. “तुम्हीच आणलीत ना तिला.”