चार घरं आणि एक दाखला

मी एक जुनी शेकायची पिशवी आहे, मित्रांनो. रबरी, तांबडी, बुचाला दोरी बांधलेली. कारखान्यातून निघाले तेव्हा माझा तोरा काही औरच होता. आता कडेला भेगा आहेत आणि पोटावर ठिगळ. असो, हे रडगाणं माझं नाही, माझ्या मालकिणीचं आहे.

ती अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांची सेवा करते. सगळे तिला मावशी म्हणतात. सहा वर्षांत आम्ही चार घरं पाहिली. मावशी मला आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची, मग टॉवेलात गुंडाळून गारठलेल्या पायांशी ठेवायची. "आता कसं बरं वाटलं," असं कुणी म्हटलं की मी मनातल्या मनात फुगायचे. पण एक दिवस असा यायचा, की माझ्या उबेचा काही उपयोग नसायचा. मग मला रिकामं करून मावशी तिथून निघायची.

रडत्या घरात चांगल्या कामाची चिठ्ठी कुठल्या तोंडानं मागणार? दोन घरांना कुलूप लागलं. तिसऱ्या घरचे लोक दूर देशी गेले. चौथ्या घरची लेक म्हणाली, "मावशी, तुमचा आवाज ऐकला की आई आठवते हो." पुढे तिनं फोनच उचलला नाही.

नव्या ठिकाणी मावशीनं एकदा खरं सांगून टाकलं. तिथल्या बाईंनी "चौघंही गेली?" म्हणत तिचा पायगुणच काढला. त्यानंतर तीन महिने काम नाही. मी खुंटीवर, मावशीला घर खायला उठायचं.

गेल्या महिन्यात आणखी एका दारात उभ्या राहिलो. सूनबाईंनी विचारलं, "एवढी घरं का सोडलीत? कुणाची चिठ्ठी आहे?"

"काम संपलं, ताई."

"संपलं म्हणजे? काढून टाकलं का? काही गडबड?"

खरं बोलावं तर पायगुण, गप्प राहावं तर चोर. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात आतून सासऱ्यांचा आवाज आला. ते निवृत्त हेडमास्तर. "सूनबाई, त्यांनी घरं सोडली नाहीत. म्हातारी माणसं गेली. आम्हा म्हाताऱ्यांकडची कामं अशीच संपतात." मग मावशीला म्हणाले, "शेवटपर्यंत जवळ होतात?"

"होते, आजोबा. एकालाही एकटं ठेवलं नाही."

"मग या आत. माझे पाय बघा, बर्फ झालेत."

मावशीनं मला भरलं, गालाला लावलं, त्यांच्या पायांशी ठेवलं. थोड्या वेळानं आजोबांनी कागद मागितला. "जन्मभर पोरांना दाखले दिले. यांचाही लिहून ठेवतो."

"बाबा, त्या आजच तर आल्यात," सूनबाई म्हणाल्या.

"हात चालतोय तोवर लिहू दे."

त्यांनी चार ओळी लिहिल्या, सही केली. तारखेची जागा मात्र मोकळी ठेवली. "यांचं काम संपेल त्या दिवशी ती तू घाल," ते सूनबाईंना म्हणाले. सूनबाईंनी कागद घडी करून कपाटात ठेवला आणि मावशीला चहा विचारला.

मित्रांनो, मला उन्हात टाकू नका, सावलीत उलटी टांगा. आणि तुमच्या माणसाला शेवटपर्यंत कुणी ऊब दिली असेल, तर त्याला दोन ओळी लिहून द्या, त्याचा फोन उचला.

आमच्या दाखल्यावरची तारीख अजून कोरी आहे. रोज संध्याकाळी त्या पायांशी पडून मी एवढंच मागते, की ती कोरीच राहू दे.