तळ्यातलं विमान

तिसऱ्यांदाही विमान डावीकडेच कलंडलं. पंचशीलाने तुटलेली पाती गोळा केली आणि घरी येऊन वडिलांच्या बाजेवर ठेवली.

देवणीजवळचं तळं त्या दुष्काळात पार आटलं होतं. तिथे ती रोज सकाळी हे रिमोटवरचं विमान उडवायला जायची. त्याला पंख नव्हते, डोक्यावर तीन लांब पाती होती. मोटर फक्त नाकावरच्या पंख्याला. वरची पाती वाऱ्यानेच फिरायची. आयटीआयमध्ये शिकवत आठ महिने खपून तिने ते बनवलं होतं. सोमवारी बदलीच्या गावी, बिलोलीला हजर व्हायचं होतं. पात्यांचा शेवटचा संच उरला होता.

वडिलांनी, निवृत्तींनी, तुटकं पातं चाचपलं. त्यांची हयात जळालेल्या पंखे-मोटारींत नवी तार भरण्यात गेली होती. लकव्याने उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं, तेव्हापासून दोन वर्षं ते घराबाहेर पडले नव्हते.

"वरची पाती जोर धरायच्या आधीच पळवून राहिलीस तू. आधी हातानं फिरवून द्यावं लागतंय."

"माझे दोन्ही हात रिमोटवर असतात, बाबा."

त्यांनी पातं बाजेवर ठेवलं. मग म्हणाले, "मला ने. डावा हात हाय की."

सकाळी तिने त्यांना स्कूटीवर नेलं. तळ्याच्या काठावर टँकरपुढे पाण्यासाठी बायामाणसांची रांग लागली होती. टँकरवाला सिद्धलिंग पुढे आला.

"मामा, लई दिसानं?"

"काम हाय," निवृत्ती म्हणाले. त्यांनी तोंड लपवलं नाही.

लेकीच्या खांद्याला धरून ते भेगाळलेल्या जमिनीवर बसले. डाव्या हाताने पाती फिरवली; एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जोरात.

"सोड."

विमान वाऱ्याच्या तोंडावर धावलं. या वेळी तिने घाई केली नाही. पाती दिसेनाशी झाली, मग चाकं सुटली. रांगेतल्या माना वर झाल्या. तिसऱ्या फेरीला बॅटरी संपली, नाकावरचा पंखा थांबला. पण वरची पाती फिरतच राहिली आणि विमान अलगद खाली येऊन टेकलं.

"मामा, तुम्ही बनवलंत?" सिद्धलिंगने विचारलं.

"न्हाई. माझ्या पोरीनं."

जीभ अडखळत होती, तरी पंख्याविना ते खाली कसं उतरलं, हे निवृत्ती सगळ्यांना सांगू लागले. रांगेतल्या चतुराबाईने आपली रिकामी घागर उलटी करून त्यांना बसायला दिली.