पाव आटा

"अजून खाली," ती म्हणाली.

मिस्त्रीने चष्मा कपाळावर सरकवला. "अगं, आत्ताच स्क्रूचा पाव आटा फिरवून तारा उतरवल्यात. आणखी खाली घेतल्या तर मानेवरच्या पडद्यांवर घासतील."

"घासू देत."

"खरखर होईल."

"होऊ दे हो. तुम्हाला काय स्टेजवर जायचंय?"

ती खुर्चीत बसली होती आणि तिच्या मांडीवर चार तारांची बास गिटार आडवी होती. मिस्त्री खाली जमिनीवर गुडघे टेकून बसला होता. त्याने तारा पेलणाऱ्या घोडीच्या बारक्या स्क्रूत षटकोनी पाना घातला आणि पाव आटा फिरवला. तार केसभर खाली आली. तिने डाव्या हाताचं बोट ठेवून दाबून पाहिलं. तार पडद्याला टेकली. बोट मात्र लगेच थरथरायला लागलं, तशी तिने ते काढून पदराखाली घेतलं.

"जमेल," ती म्हणाली.

रविवारी तिचा धाकटा भाऊ त्याची गिटार घेऊन येणार होता. टेलिफोन ऑफिसच्या वाद्यवृंदात दोघं एक गाणं वाजवायची, तेच गाणं तिला एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवायचं होतं. एवढंच. लेक झाली तेव्हा तिने तिची जुनी बास विकली होती, त्यानंतर सत्तावीस वर्षं तिने तो विषय काढला नव्हता.

मग या उन्हाळ्यात दारात भलंमोठं खोकं येऊन पडलं. आत कच्चं लाकडी धड, वेगळी मान, खुंट्या, घोडी आणि पिशवीभर स्क्रू.

"तयार का नाही मागवलीस?" मिस्त्रीने विचारलं होतं.

"तयार आली असती तर तुम्ही हात तरी लावला असता का? रिटायर झाल्यापासून नुसते घरातल्या बिजागऱ्यांना तेल देत फिरताय. दारं कंटाळली आता."

तो महिनाभर गॅलरीत बसला. धड पॉलिशपेपरने घासलं, तेल पाजलं, मान चार स्क्रूंनी घट्ट बसवली. तारांचा सूर पकडणाऱ्या पिकअपच्या वायरी झाळल्या. पहिल्यांदा स्पीकरला जोडली, तेव्हा असा घुमणारा आवाज आला की शेजारच्या घरातून कोणीतरी खोकून दाखवलं. घोडीखालची अर्थिंगची वायर जोडायलाच तो विसरला होता. ती हसून हसून बेजार झाली. "चौतीस वर्षं लोकांच्या लिफ्टांना अर्थिंग दिलं, आणि बायकोच्या गिटारीला नाही!"

वायर जोडल्यावर फरक पडला. तारांवर हात नसला की स्पीकर बारीक घुमायचा. हात ठेवला की एकदम गप्प. असं होतंच, ती म्हणाली, त्यात बिघाड काही नाही. तरी मिस्त्रीला ते घुमणं आवडलं नाही. मशीनरूममध्ये मोटर फिरत नसताना असा आवाज आला की तो लिफ्ट थांबवायचा.

लिफ्टचा दोर म्हणजे पोलादी तारांची वेणी. बाहेरून धडधाकट दिसतो. मिस्त्री त्याच्यावरून सुती फडकं ओढत न्यायचा. एखादी तार तुटलेली असली की फडकं तिथे अडकतं. अशा तारा ठरावीक संख्येपलीकडे गेल्या की दोर बाद. एवढ्या वर्षांत त्याच्या नजरेतून एकही खराब दोर निसटला नव्हता. आणि घरात? घरात ती बरणीची झाकणं त्याच्याकडे द्यायला लागली, तेव्हा तो मनातून खूशच झाला होता. म्हातारपणी लाडात आली, असं त्याला वाटलं होतं.

पावसाळा संपताना डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सांगितलं. स्नायू एकेक करून जाणार. आधी हात, मग पाय, मग श्वास. औषध म्हणावं असं काही नाही. घरी येऊन त्याने गिटारीचं रिकामं खोकं शोधलं. मागणीच्या चिठ्ठीवर तारीख होती. दवाखान्याच्या कागदांवरच्या तिच्या पहिल्या तपासणीनंतर दोनच दिवसांची.

त्याने चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

तेव्हापासून दर आठवड्याला पाव आटा. सुरुवातीला त्याने तारा अगदी मापात लावल्या होत्या. आता प्रत्येक वेळी पाना हातात घेताना त्याला वाटायचं, आज ती "अजून खाली" म्हणणार नाही. ती म्हणायचीच.

शनिवारी सकाळी स्क्रूंचे आटे संपले. घोडी तळाला टेकली.

"झालं," तो म्हणाला. "आता खाली जागाच नाही."

"धडात मान बसते त्या खाचेत पातळ काहीतरी घाला. मान जरा मागे कलते, तारा आपोआप खाली येतात. आमच्याकडे सगळे तसंच करायचे."

"काय घालू?"

तिने टेबलाकडे मान हलवली. तिथे दवाखान्याचं कार्ड पडलं होतं, पुढच्या तपासण्यांच्या तारखांचं.

"ते?"

"जाडी बरोबर आहे. आणि त्याचा दुसरा काय उपयोग होतोय?"

तो बराच वेळ कात्री हातात धरून बसला. मग त्याने पट्टी कापली, मान सोडवली, खाचेत घोडीच्या बाजूला पट्टी ठेवली आणि चारही स्क्रू पुन्हा आवळले.

रविवारी मेहुणा आला. त्याने बासवर एक सूर छेडला आणि तोंड वाकडं केलं.

"दाजी, ही गिटार आहे की लिफ्ट? किती खाली नेलीत! तळमजल्यावर गेली की हो."

"तू तुझी लाव," बहीण म्हणाली. "बडबड कमी."

"ऑफिसातही अशीच दम द्यायची," मेहुणा मिस्त्रीला म्हणाला. बहिणीच्या हाताकडे मात्र त्याने पाहिलं नाही.

गाणं सुरू झालं. तारा खरखरत होत्या, पण सूर येत होता, आणि तिचे डोळे मिटलेले होते. पहिलं कडवं झालं. दुसऱ्याच्या मध्यावर एक सूर आलाच नाही. मग पुढचाही नाही. डावा हात मानेवर होता, पण बोटं नुसतीच टेकलेली होती. उजवा हात एकटाच तार छेडत राहिला.

मेहुणा थांबायला लागला.

"थांबू नकोस!" ती ओरडली. "अहो, इकडे या. तिसरी तार, पाचवा पडदा."

मिस्त्री उठला. तो तिच्या डाव्या खांद्यामागे वाकला आणि त्याने तिच्या बोटावर आपलं बोट ठेवून दाबलं.

सूर आला.

"सातवा. आता चौथी तार, तिसरा. नाही नाही, बोट माझंच उचला... हां."

त्याला गाण्यातलं काही कळत नव्हतं. ती सांगत होती तिथे तो दाबत होता, आणि ती छेडत होती. कधी उशीर झाला, कधी चुकलं. मेहुणा मान खाली घालून, त्यांच्यासाठी सावकाश वाजवत राहिला. शेवटचा सूर लांब होता. तो विरेपर्यंत मिस्त्रीने बोट उचललं नाही.

"मिस्त्री," ती हळूच म्हणाली, "दुखतंय."

वसंत उजाडायच्या आत ती गेली. श्वास शेवटी गेला, डॉक्टर म्हणाले होते त्याच क्रमाने.

महिन्याभराने लेक आणि मेहुणा आवराआवर करायला आले. मेहुण्याने बास उचलली, एक सूर छेडला. तार नुसतीच खडखडली.

"दाजी, ही मी नेऊन नीट करून आणतो. मानेतली ती पट्टी काढायची, तारा वर घ्यायच्या. अर्ध्या तासाचं काम. अशी ठेवली तर कोणालाच वाजवता येणार नाही."

"राहू दे," मिस्त्री म्हणाला.

"बाबा, मामा बरोबर म्हणतोय," लेक म्हणाली. "चांगली वस्तू आहे."

"चांगलीच आहे. तिच्या मापाला लावलीय."

ती दोघं गेल्यावर त्याने खुर्ची खिडकीशी ओढली. बास मांडीवर घेतली, वायर जोडली आणि स्पीकरचं बटण दाबलं. खोलीभर तो बारीक आवाज घुमायला लागला.

त्याने चारही तारांवर तळहात ठेवला.