जजसाहेबांचा उजवा खण

मित्रांनो, मी एक जुना खण आहे. अख्खं टेबलही नव्हे. टेबलाला निदान चार पाय असतात. मला आत जाणं आणि बाहेर येणं एवढंच येतं. पण सहा वर्षं मला तेही जमलं नाही. जमू दिलं नाही, असं म्हणणं जास्त खरं.

जॉर्जियातल्या पिकेट्सबर्ग गावात, कोर्टासमोरच्या हार्डवेअरच्या दुकानावर जज वॉर्डलॉ यांचं ऑफिस होतं. त्यांच्यासाठी ओझेल टिम्स नावाच्या सुतारानं पाइनचं टेबल केलं आणि उजव्या हाताला मला बसवलं. मी जरा घट्टच होतो.

"पहिला दमट उन्हाळा जाऊ दे, जजसाहेब," ओझेल म्हणाला. "लाकूड कुठं फुगतं ते कळलं, की ऑक्टोबरात येऊन रंधा मारतो."

ऑक्टोबरात ओझेल आला, पण समोरच्या कोर्टात, आरोपी म्हणून. मिस्टर स्ट्रिकलंड यांच्या लाकूडगिरणीची वखार जळाली होती. ओझेल तिथली नोकरी भांडून सोडून गेला होता, आणि त्याला पळताना पाहिल्याचं रखवालदारानं शपथेवर सांगितलं. ओझेल काळा होता, ज्युरीतले बाराही जण गोरे. त्यांचं जेवण गार व्हायच्या आत निकाल लागला. जजसाहेबांनी बारा वर्षं सुनावली. माणशी एक धरलं असावं.

माझा रंधा राहून गेला.

दोन वर्षांनी रखवालदार मरणाला टेकला. त्यानं जजसाहेबांना बोलावून सांगितलं, की भुशात तंबाखूचा पेटता पाइप पडला तो आपलाच, ओझेल तिथं नव्हताच. जजसाहेब वाईट नव्हते, मित्रांनो. ऑफिसात परतताच, टोपीही न काढता, टायपिस्ट मिस प्रुएट यांना बसवून त्यांनी माफी मंडळाला पत्र लिहवलं: माझ्या हातून निर्दोष माणसाला शिक्षा झाली आहे, त्याला सोडावं. सही केली, लिफाफा चिकटवला. मग त्यांची नजर कॅलेंडरवर गेली. ते राज्याच्या विधानसभेला उभे होते, आणि स्ट्रिकलंड त्यांच्यासाठी गावोगाव डुकरं भाजून जेवणावळी घालत होते.

"निवडणूक होऊ दे, मग टाकू," ते म्हणाले आणि पत्र माझ्यात ठेवलं.

ते निवडून आले. गाव त्यांना जजच म्हणत राहिलं. तिथे दर दोन वर्षांनी निवडणूक असते, त्यामुळे एक झाली म्हणेपर्यंत दुसरी जवळ येते.

ओझेलची बायको लव्हीनिया दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मागच्या जिन्यानं वर यायची. पुढचा जिना तिच्यासाठी नव्हता. खुर्चीही नव्हती.

"जजसाहेब, शिक्षा देणाऱ्या जजचं पत्र लागतं म्हणतात."

"अगं, पत्र लिहून तयार आहे! या खणात. पण खण अडकलाय बघ. ही दमट हवा मेली!"

आणि तिच्यादेखत ते मला ओढायचे. बोटं मुठीला, अंगठा माझ्या छातीवर. बोटं ओढल्यासारखी करायची आणि अंगठा आत रेटायचा.

हिवाळ्यात मी कोरडा होऊन एका बोटानं सरकायचो. पण हिवाळ्यात विधानसभा भरायची आणि जजसाहेब अटलांटात असायचे. "त्यांच्या माघारी खण उघडायचा नाही, असं सांगून गेलेत," मिस प्रुएट टाइपरायटरकडे बघत म्हणायच्या. राज्याचे कायदे हिवाळ्यात होतात आणि मी उन्हाळ्यात फुगतो, एवढ्या योगावर ओझेल तुरुंगाच्या शेतावर राबत होता.

आणि मी अंधारात. माझ्या पोटात चार पेपरमिंटच्या गोळ्या, एक मोडका चष्मा आणि एक माणूस. मी कुरकुरायचो, पण खणाची कुरकुर कोण मनावर घेतं?

सहाव्या ऑगस्टमध्ये लव्हीनिया आली ती हातात ओझेलचं पत्र घेऊन.

"त्याला खोकला लागलाय, जजसाहेब. तिथला डॉक्टर म्हणतो, हा हिवाळा निघणार नाही."

"फार वाईट वाटतं गं. पण हा खण..."

"हो. त्यानं लिहिलंय खणाबद्दल. म्हणतो, डावा कोपरा वर उचलायचा आणि खालून गुडघा मारायचा. म्हणतो, एवढ्या शिकलेल्या माणसाला सहा वर्षांत जमलं नाही, म्हणजे चूक माझ्याच हातची असणार."

टाइपरायटर थांबला.

"मी बघू का, जजसाहेब? तुमचे हात दमले असतील."

त्या गावात याहून लहान गोष्टीवरून काळी माणसं नाहीशी झाली होती. जजसाहेब हो म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत. विधानसभेत याला तटस्थ राहणं म्हणतात. लव्हीनिया टेबलाला वळसा घालून आली. तिनं कोपरा उचलला, गुडघा मारला. मी असा सुटलो, की पेपरमिंट उडून जमिनीवर पडले.

लिफाफा पिवळा पडला होता. जजसाहेबांनी तो उलटापालटा करून पाहिला.

"तिकीट लावलेलं नाही," ते म्हणाले.

"माझ्या पर्समध्ये आहे." मिस प्रुएट उठल्या, तिकीट जिभेला लावून दाबून चिकटवलं. "टपाल चारला निघतं. आणि वाटेत हरवलं तर पुन्हा टाइप करीन, जजसाहेब. मला पाठ आहे."

ओझेल ऑक्टोबरात आला. आठ वर्षं उशिरा, पण ऑक्टोबरातच. अंगावर फक्त हाडं आणि खोकला. त्यानं मला बाहेर काढून उलटा धरला, डावीकडे रंधा मारला, कडांवर धुण्याचा साबण घासला.

"बरा आहेस ना, ओझेल?" जजसाहेबांनी विचारलं.

"खण बरा आहे, जजसाहेब," ओझेल म्हणाला, आणि पुढच्या जिन्यानं खाली उतरला.

नोव्हेंबरात जजसाहेब पुन्हा निवडून आले, पूर्वीपेक्षा जास्त मतांनी. स्ट्रिकलंड यांनी पत्राचा विषयसुद्धा काढला नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी खण असतील. वर्षातून एकदा त्यांच्या कडांना साबण लावत जा. आम्ही तेवढ्यावर खूश असतो. आणि मोठं माणूस तुम्हाला म्हणालं, "काय करणार, अडकलंय," तर आमच्यावर रागावू नका. आधी त्याचा अंगठा कुठं आहे ते बघा.