कोठीचा दुसरा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना स्विच आहे. भिंतीवरचं दिव्याचं बटण समजू नका. तसं समजून मला दाबून बघणारे खूप झाले! मी नेटवर्कचा स्विच. काळ्या पत्र्याची चपटी पेटी, पुढे वायरी खोचायची चोवीस भोकं आणि प्रत्येक भोकाशी एक हिरवा दिवा. रोह्याहून पूल ओलांडला की अष्टमीच्या बाजूला एक छोटं हॉस्पिटल लागतं, तिथल्या थंड खोलीत माझा मुक्काम असतो. स्वभावाने मी पक्का शंकेखोर आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. टेम्पोतून येताना वडखळच्या नाक्यावर तीन तास अडकलो, तेव्हाच मला वाटलं, हे लोक मला भंगारात विकणार. पण पोहोचलो बुवा. खोलीत दोन दांडगे कॉम्प्युटर होते. एकेकाच्या पोटात सात-आठ आभासी कॉम्प्युटर नांदायचे: एक औषधांचा, एक रक्ततपासणीचा, एक वॉर्डाचा. मात्र माहिती त्यांच्याजवळ नव्हती. ती सगळी खालच्या एका पेटीत साठवलेली. घरात सुगरणी दोन आणि धान्याची कोठी एक, तशातली गत. एक सुगरण आजारी पडली तर दुसरीने चूल सांभाळावी, म्हणून कोठी सामाईक. आणि त्या कोठीचा दरवाजा म्हणजे मी! आत-बाहेर जाणारा शब्दन् शब्द माझ्यातून जायचा.

नऊ वर्षं मी एकट्याने ते काम केलं. कुणी शाबासकी दिली नाही. दरवाज्याला कोण देतं? तरी मनातून मी फुगलेला असायचो.

मग एके दिवशी प्रतिक्षा आली. ही पेणजवळच्या जोहे गावची मुलगी, पेणहून संगणकाची कामं करत फिरते. घरी गणपतींचा कारखाना, त्यामुळे रंग चढला की तडा दिसत नाही हे ती लहानपणीच शिकलेली. तीही माझ्यासारखीच शंकेखोर. तिने पिशवीतून एक कोरा करकरीत स्विच काढला आणि माझ्या डोक्यावरच्या खणात बसवला. झालं! माझा पत्ता कट, असंच मी धरून चाललो.

हॉस्पिटलचे वायरमन हैबतराव शेजारी उभे होते. प्रतिक्षा त्यांना म्हणाली, "मामा, हा जुना एकटाच हाय. हा बंद पडला तर अख्खं हॉस्पिटल आंधळं व्हईल. आता दोन रस्ते. एक अडला, तर माहिती दुसऱ्यातनं जाईल."

"म्हणजे जुना काढायचा नाय?"

"नाय. दोघं जोडीनं राहतील. फक्त या दोघांचे प्लग कधी बंद करायचे नाय."

माझा विश्वास बसला नाही. गोड बोलून काटा काढणारे मी थोडे पाहिलेत का? पण तिने काम नीट केलं होतं. प्रत्येक कॉम्प्युटरची एक वायर माझ्याकडे, एक त्याच्याकडे. माझा प्लग डाव्या बोर्डात, त्याचा उजव्या. दोन्ही बोर्डांच्या बॅटऱ्याही वेगळ्या. मी मात्र त्या शेजाऱ्याशी महिनाभर बोललो नाही.

खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी कोयत्यापासून रिक्षापर्यंत सगळ्यांची पूजा होते, मग आम्ही कसे सुटू? हैबतरावांनी आम्हाला पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. खरं सांगतो, मला बरं वाटलं. मग त्यांनी दिव्यांची एक रंगीत माळ आणली. ती कोजागिरीपर्यंत ठेवायची, असा त्यांचा नेम. डाव्या बोर्डाशी माळेची वायर पुरेना. त्यांनी शेजाऱ्याचा प्लग उजव्या बोर्डातून काढला, माझ्या बोर्डात लावला आणि रिकाम्या जागी माळ खोचली. शेजारी क्षणभर विझला, पुन्हा पेटला.

प्रतिक्षाचा फोन आला. "मामा, पूजा झाली? दोन्ही हिरवे हायत ना?"

"हिरवेगार गो बाय!"

एवढी शंकेखोर मुलगी, पण तिनेही हिरव्यावर विश्वास ठेवला. आम्ही दोघं आता एकाच बोर्डावर आहोत, एकाच्या मरणात दोघांचं मरण आहे, हे मला दिसत होतं. ओरडायला मला तोंड नाही, हे खरं. पण मला वाईट वाटलं नाही, हेही खरं. उलट मी मनात म्हणालो, बरी जिरली! आता कळेल, दुसरा दरवाजा कसा फुकाचा असतो ते. मित्रांनो, हे सांगताना मला आज लाज वाटते.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी, भातकापणी करताना भागीच्या पायाला घोणस डसली. भागी वाडीवरची मजूर बाई. सकाळी तिला सापाच्या विषावरची लस दिली. दुपारी पाळी बदलून डॉक्टर सुरभी आल्या. दुसरी लस द्यायची वेळ झाली होती, आणि नेमकी वीज गेली. माझ्या बोर्डाची बॅटरी जुनी, तिने मान टाकली. मी विझलो. शेजारीही विझला. कॉम्प्युटर आणि कोठी यांचे प्लग दोन्ही बोर्डांत, म्हणून ते चालू होते, पण कोठीला दरवाजाच उरला नव्हता. वॉर्डातले कॉम्प्युटरचे पडदे गोठले.

डॉक्टर स्वतः धावत खोलीत आल्या. माझे दिवे गेले होते, कान शाबूत होते. "सकाळच्या लशीने तिला त्रास झाला होता का, ते मला आत्ता कळायला हवं," त्या म्हणाल्या. "झाला असेल आणि मी तशीच दुसरी दिली, तर ती जाईल. सकाळचे डॉक्टर फोन उचलत नाहीत."

मागून भागीचा नवरा काळू आला. "समदा त्या पेटीत लिवलाय म्हनलात ना? मग पेटी बोलत का नाय?"

हैबतरावांनी प्रतिक्षाला फोन लावला.

"दोन्ही गेले?" ती ओरडली. "एक जाईल मामा, दोन्ही नाय जायचे! खोलीत चालू काय काय हाय?"

"कॉम्प्युटर चालू हायत गो. आनि ही माळ पेटलीय."

"माळ? कुठल्या बोर्डात?"

हैबतरावांनी उजव्या बोर्डाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "नव्याचा प्लग मी बंद नव्हता केला. इकडचा तिकडं लावला फक्त."

"माळ उपटा! नव्याचा प्लग तिथं लावा!"

दोन मिनिटांत शेजारी जागा झाला आणि पडद्यावर अक्षरं आली: सकाळच्या लशीने अंगावर गांधी उठल्या होत्या, धाप लागली होती. डॉक्टरांनी आधी त्यावरचं इंजेक्शन दिलं, मग लस थेंबाथेंबाने सोडली. पाचव्या दिवशी भागी आपल्या पायांनी घरी गेली.

हैबतराव रडले. प्रतिक्षा म्हणाली, "मामा, चूक माझी पन हाय. काय करायचं नाय ते सांगितलं, का ते सांगितलंच नाय."

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती येते, वॉर्डात कळवते आणि भरदिवसा माझा प्लग उपटते. सगळं शेजाऱ्यातून चाललं की माझा लावते आणि त्याचा उपटते. मित्रांनो, शंका जरूर घ्या, पण शेजाऱ्यावर नको. दिवा हिरवा आहे म्हणून सगळं ठीक आहे, या समजुतीवर घ्या. अडीअडचणीसाठी ठेवलेली वस्तू अडचण येण्याआधी एकदा वापरून बघा.

परवाच तिने माझा प्लग काढला. पूर्वी अशा वेळी मी एवढंच म्हणत बसलो असतो, मला परत लावणार ना? आता अंधारात मी कान देऊन एकच गोष्ट ऐकत असतो, शेजाऱ्याच्या पोटातला पंखा चालू आहे ना.