माझ्या पोटावरचे नाव

मित्रांनो, मी पाणी भरायचा एक जुना पितळी गुंड आहे. माझ्या पोटावर आज 'ताराचंद' असे नाव आहे. ते खोटे आहे, हे आधीच सांगून टाकतो.

भंडाऱ्याच्या एका कासाराने मला घडवले. दिघोरीच्या जनाबाईने धानाच्या रोवणीच्या मजुरीतून पैसे साठवून मला लेकीच्या आंदणासाठी घेतले. अशा भांड्यावर जावयाचे नाव घालायची रीत होती. पण जनाबाई कासाराला म्हणाली, "नाव माह्या पोरीचं टाक. पाणी तेच भरन, जवाई नाही."

म्हणून माझ्यावर 'मनकर्णाबाई' हे नाव आले. मनकर्णाबाईला वाचता येत नव्हते. तरी मला चिंचेने घासताना त्या अक्षरांवरून ती हलका हात फिरवी. फार लाड केले तिने माझे.

तिचे सासर मोहाडीजवळ. ती बाजारात मुरमुरे विके, पण माल ताराचंद व्यापाऱ्याचा आणि नफाही त्याचाच. आपली स्वतःची भट्टी घालावी, एवढेच तिच्या मनात होते. १९७८ साली ती कर्ज मागायला बँकेत गेली. साहेब म्हणाले, "नवऱ्याची सही आणा, नाहीतर तुमच्या मालकीचे काही तारण दाखवा."

नवरा सेवकराम सही देईना. "बायको बँकेत चालली म्हणून लोकं मले हासतीन," म्हणाला.

मग मनकर्णाबाईने मला लख्ख घासले, डोक्यावर घेतले आणि थेट साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवले.

"हा माहा हाय, साहेब. नाव वाचून पाहा."

साहेबांनी वाचलेसुद्धा नाही. "बाई, पाणी तिकडे ठेवा," ते म्हणाले आणि सारी बँक हसली. मी तर कोरडा ठणठणीत होतो. त्या हसणाऱ्यांचा मला आजही राग येतो.

ती तशीच ताराचंदकडे गेली. त्याने मात्र मला लगेच गहाण ठेवून घेतले. त्या पैशांत तिची भट्टी पेटली. पुढच्या वर्षी ती मला सोडवायला आली, तेव्हा "मुदत सरली, बाई," एवढेच तो बोलला. तिच्या नावावर कानस फिरवून त्याने स्वतःचे नाव घातले होते.

काही वर्षांनी बायकांना कर्ज देण्याची योजना आली. बँकेत समारंभ ठरला. टेबलावर शोभेला चकचकीत भांडे हवे होते, म्हणून ताराचंदने मला दिले. आंब्याची पाने खोचून मी पुन्हा त्या टेबलावर आलो. साहेब नवे होते.

"मनकर्णाबाई!" पुकारा झाला. मला कोण आनंद झाला! पण ती उठायच्या आत सेवकराम उठला. आता त्याला लोक हसणार नव्हते.

"बाईले काय समजते? मी घेतो," म्हणाला. साहेबांनी तिचा अंगठा घेतला आणि नोटा त्याच्या हातात दिल्या. टाळ्या वाजल्या.

मनकर्णाबाईने शाईच्या अंगठ्याने माझ्या पोटावरची घासलेली जागा चाचपली.

"हा माहा होता, साहेब."

या वेळी साहेबांनी वाचले. "यावर तर ताराचंद लिहिले आहे, बाई."

तिच्या अंगठ्याचा तो शाईचा डाग ताराचंदच्या घरी दुसऱ्याच दिवशी घासून काढला गेला.

मित्रांनो, तुम्हाला वाचता येते. उद्या तुमच्यातले कोणी त्या टेबलामागच्या खुर्चीत बसतील. समोर एखादी बाई भांडे घेऊन आली, तर आधी त्यावरचे नाव वाचा. मग हसायचे असेल तर हसा.